एका माणसाला एक खोका

ऑफिस भोसरीहून खराडीला चाललं.
नोटीस लागली : नव्या जागी कुणाचंच ठरलेलं टेबल नाही,
खण नाही, कुलूप नाही.
एका माणसाला एक खोका. शुक्रवारपर्यंत.

बावीस वर्षं मी स्टोअर्सला.
कुणी काय नेलं, कुणी काय परत केलं, सगळं माझ्या रजिस्टरात.
माझ्याच खणात काय आहे
ते मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

तळाशी एक किल्ली निघाली.
तिचं कपाट दोन हजार सातलाच भंगारात गेलं,
काट्यावर मीच उभा होतो.
मग किल्ली का राहिली?
टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी कुणी मागितली तर?
हा ‘तर’ दिसायला दोन अक्षरांचा,
जागा अख्ख्या खणाएवढी खातो.

जर्मनचं पुस्तक, पहिल्या पातळीचं.
चौथ्या धड्यात पीएमटीचं तिकीट, खुणेला.
स्टुटगार्टला आमच्यातल्या एकाला पाठवणार होते.
घुले गेला.
तरी पुस्तक रद्दीत घालवत नाही,
कारण पाचवा धडा येणारा जो मी
अजून वाटेत आहे कुठेतरी,
त्याला दारातूनच परत कसा पाठवू?

आणि लोणकरचा चमचा.
उसना घेतला, धुतला, म्हटलं उद्या देतो.
सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधी
दोन मिनिटं उभे राहिलो सगळे.
स्टोअर्सच्या भाषेत चमचा अजून माझ्या नावावर आहे.
जमा करून घ्यायला समोर कुणी नाही
म्हणून नोंद मिटत नाही.

एचआरची हेमांगी, वय सव्वीस, सगळा संसार एका सॅकमध्ये,
म्हणाली, सर, फोटो काढून ठेवा आणि टाकून द्या.
काढले.
संध्याकाळी फोन म्हणाला, जागा संपली.

खोका मांडीवर घेऊन दोन बस बदलून धनकवडीला आलो.
कंडक्टरने विचारलं, नवीन मिक्सर का काका?
हो म्हटलं.

वसुधाने दार उघडलं, खोक्याकडे पाहिलं,
काही विचारलं नाही.
दिवाणात सरकवा, म्हणाली,
आणि कुकरच्या शिट्टीमागे आत गेली.

गादी उचलली, फळी उचलली.
आत टीव्हीचं थर्माकोल, टीव्ही गेला तरी,
मिठाईचे रिकामे डबे, झाकणं निराळी,
पोराचा बालवाडीतला स्वेटर
(पोरगा आता दरवाजातून वाकून येतो),
अहेरात आलेली तीन घड्याळं, तिन्ही बंद,
ज्यांनी दिली ते कधी घरी आले तर दाखवायला.
आणि अगदी भिंतीकडे
माझ्या खोक्याएवढाच एक खोका.
वरती जाड मार्करने, तिच्या अक्षरात :
वसुधा तारे. क्वालिटी. हडपसर.

तारे.
हे आडनाव मी किती वर्षांनी वाचत होतो.
चिकटपट्टी पिवळी पडलेली,
पण एकदाही उचकटलेली नाही.
दोनदा घर बदललं आपण.
दोन्ही वेळा टेम्पोत हा मीच चढवला असणार,
जड आहे म्हणून कुरकुर करत,
आणि वरचं न वाचता.

मुलगा सहा महिन्यांचा होता.
ती म्हणाली होती, बघू, दोन वर्षांनी.
मीही म्हणालो होतो, बघू.

उघडणार होतो.
नख पट्टीच्या कडेखाली गेलंसुद्धा.
मग काढून घेतलं.
माझा खोका उचलून तिच्याशेजारी लावला,
स्वेटर थोडा दाबून, घड्याळं उभी करून.

बसलं का? स्वयंपाकघरातून आवाज आला.
बसलं, म्हटलं.
तुझं थोडं सरकवावं लागलं.

आत बराच वेळ
नळ नुसताच चालू होता.